अपराध न करणाऱ्याचा अपराधभाव: हॉथॉर्नच्या कथा आणि फ्रेडरिक क्रूझ यांची मानसशास्त्रीय समीक्षा

१८३२ सालासाठीच्या ‘द टोकन’ या अमेरिकी वार्षिकात ‘रॉजर माल्विन्स बरिअल’, म्हणजे रॉजर माल्विनचे दफन, ही कथा लेखकाच्या नावाशिवाय छापून आली. तिचा लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील सेलम या गावी घरात बसून लिहिणारा, जवळजवळ अज्ञात तरुण होता. पुढे ‘द स्कार्लेट लेटर’ या १८५० च्या कादंबरीने त्याला अमेरिकी साहित्यात कायमचे स्थान दिले. तरीही मानसशास्त्रीय समीक्षा म्हणजे नेमके काय, ती काय दाखवू शकते आणि कुठे घसरते, हे समजून घ्यायचे असेल तर या लहानशा कथेइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. तिच्यावर फ्रेडरिक क्रूझ या समीक्षकांनी १९६४ मध्ये एक निबंध लिहिला, दोन वर्षांनी त्याच निबंधाच्या दिशेने हॉथॉर्नवर संपूर्ण पुस्तक लिहिले आणि नंतरची काही दशके, ज्या सिद्धांताच्या आधारे ते पुस्तक उभे होते, त्या सिद्धांताचा पाया कच्चा आहे हे दाखवण्यात घालवली.

आधी कथा पाहू. १७२५ मध्ये न्यू इंग्लंडच्या सीमेवर गोरे वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात जी चकमक झाली आणि जी ‘लव्हेलची लढाई’ म्हणून ओळखली जाते, तिच्यातून जखमी होऊन दोघे जण जंगलातून घराकडे निघाले आहेत. रॉजर माल्विन हा वयाने मोठा आहे आणि त्याची जखम जीवघेणी आहे. रूबेन बोर्न हा तरुण असून रॉजरच्या मुलीशी, डॉर्कसशी, त्याचे लग्न व्हायचे आहे. थडग्याच्या दगडासारख्या दिसणाऱ्या एका प्रचंड खडकापाशी रॉजर थांबतो आणि रूबेनला म्हणतो की तू पुढे जा, माझ्याबरोबर थांबलास तर दोघेही मरू. रूबेन नकार देतो, पण अखेर जातो. जाताना तो ओकच्या कोवळ्या झाडाच्या शेंड्याला आपल्या जखमेवरचा रक्ताळलेला रुमाल बांधतो आणि शपथ घेतो की मी परत येईन, तुम्हाला वाचवायला किंवा पुरायला. गावात पोहोचल्यावर डॉर्कस वडिलांविषयी विचारते, तेव्हा त्याच्याने खरे बोलवत नाही. माझे हात अशक्त होते, पण जमले तेवढे केले, असे तो सांगतो, आणि बापाला मूठमाती मिळाली असे समजून ती समाधान मानते. लग्न होते, मुलगा होतो, पण रूबेनच्या मनाला स्वस्थता नाही. तो चिडचिडा होतो, शेजाऱ्यांशी भांडतो, शेती बुडवतो. अठरा वर्षांनी सगळे गमावून तो बायको आणि पंधरा वर्षांच्या सायरसला घेऊन जंगलात नवी वस्ती करायला निघतो. वाटेत तो ठरलेल्या दिशेपासून पुन्हा पुन्हा भरकटतो आणि मुलगा त्याला पुन्हा पुन्हा वाटेवर आणतो. पाचव्या संध्याकाळी मुक्काम पडतो, तेव्हा डॉर्कस पंचांगात पाहून सांगते की आज १२ मे, अठरा वर्षांपूर्वी याच सुमारास वडील गेले. रूबेन शिकारीला जातो, झुडपामागे काहीतरी हलते, तो नेम धरून गोळी झाडतो आणि पाहतो तो त्याच खडकापाशी, त्याच ओकखाली, त्याचा स्वतःचा मुलगा मरून पडलेला आहे. ज्या फांदीला त्याने रुमाल बांधला होता तिचा शेंडा वाळलेला आहे. तो तुटून सगळ्यांवर कोसळतो. आणि कथेच्या शेवटच्या वाक्यात निवेदक सांगतो की रूबेनचे पाप फिटले, शाप उतरला, आणि कित्येक वर्षांनी प्रथमच त्याच्या ओठांतून प्रार्थना उमटली.

हा शेवट वाचून ज्याला धक्का बसत नाही त्याने कथा नीट वाचलेली नाही, असे मी म्हणेन. एका निरपराध मुलाच्या रक्ताने बापाचे पाप फिटते, हा कसला न्याय?

१९५० च्या दशकातील अमेरिकी समीक्षेने या प्रश्नाला बहुधा धार्मिक उत्तर दिले. त्या काळात हॉथॉर्नकडे ख्रिस्ती नीतिकथा सांगणारा लेखक म्हणून पाहण्याची प्रथा होती आणि त्याच्या कथांत प्रतीके शोधून त्यांची बायबलशी सांगड घालणे हे समीक्षेचे आवडते काम होते. रूबेन हे बायबलमधले नाव आहे, सायरस हे ज्यूंना बाबिलोनच्या बंदिवासातून सोडवणाऱ्या राजाचे नाव आहे, आणि बापाच्या हातून मुलाचा बळी म्हटले की ईश्वराच्या आज्ञेवरून आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला निघालेला अब्राहम आठवतोच. तेव्हा कथेचा अर्थ असा लावला गेला की रूबेनने खोटे बोलण्याचे पाप केले, ईश्वराने त्याला त्या जागी परत आणले, कठोर प्रायश्चित्त घ्यायला लावले आणि क्षमा केली. क्रूझ यांचा पहिला आक्षेप अगदी साध्या विवेकाचा आहे. अब्राहमच्या गोष्टीत ईश्वर शेवटच्या क्षणी हात धरतो आणि मुलगा वाचतो. इथे हात कोणी धरत नाही. प्रेताला पुरले नाही आणि बायकोला खरे सांगितले नाही, एवढ्यासाठी एका मुलाचा जीव घेणारा ईश्वर हॉथॉर्नला गौरवायचा होता असे मानायचे, तर त्याला भयंकर माणूस ठरवावे लागेल. कथेत त्याला आधार आहे का?

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो मजकुरावर बोट ठेवून घेतलेला आहे. रूबेनचा अपराधभाव खोटे बोलण्यापासून सुरू होतो असे आपण समजतो, आणि निवेदकही एके ठिकाणी म्हणतो की लपवाछपवीमुळे एका समर्थनीय कृत्याला अपराधाचा गुप्त परिणाम प्राप्त झाला. परंतु कथेचा पूर्वभाग सावकाश वाचला तर दिसते की अपराधभाव खोट्याच्या आधीच तिथे आहे. रॉजर जेव्हा त्याला जायचा आग्रह करतो आणि डॉर्कसशी होणाऱ्या लग्नाची आठवण देतो, तेव्हा रूबेनच्या मनात काहीच स्वार्थी भावना शिरू पाहत नव्हती असे म्हणता येणार नाही, अशी नोंद हॉथॉर्न करतो, आणि लगेच पुढे सांगतो की त्या जाणिवेमुळेच तो आणखी जोराने नकार देऊ लागला. थोडे अंतर गेल्यावर रूबेन मागे सरपटत येतो आणि उन्मळलेल्या झाडाच्या मुळांआडून मरणाऱ्या माणसाकडे पाहतो. तो लपून का पाहतो? कारण, निवेदक सांगतो, अत्यंत समर्थनीय कृत्यांतही माणसाला कधी कधी छळणारी एक प्रकारची अपराधी भावना त्याला रॉजरच्या नजरेपासून दूर ठेवत होती. अजून एकही खोटा शब्द त्याच्या तोंडून निघालेला नाही.

म्हणजे रूबेनने काय केले हा प्रश्न अपुरा आहे. त्याला मनात काय हवे होते, हा खरा प्रश्न आहे. इथे क्रूझ यांनी सिग्मंड फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाकडे हात पसरला. फ्रॉइडने १९०९ मध्ये आपल्या एकमेव अमेरिका-भेटीत हॉथॉर्नच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर येथील क्लार्क विद्यापीठात, व्याख्याने दिली होती आणि पुढच्या अर्धशतकात अमेरिकेतील वैद्यकावर, वृत्तपत्री भाषेवर आणि समीक्षेवर त्याच्या विचारांची मोठी छाप पडली होती. या विचारातील मोजक्या कल्पना क्रूझ यांच्या कामाच्या होत्या. आपल्या काही इच्छा आपल्यालाच इतक्या लाजिरवाण्या वाटतात की त्या आपण स्वतःपासूनही दडवतो, आणि या क्रियेला दमन म्हणतात. दडवलेली इच्छा नाहीशी होत नाही. ती चिडचिड, आजार, स्वप्न, चुका अशा वेषांत परत येते. एकाच व्यक्तीविषयी, विशेषतः आईवडिलांविषयी, प्रेम आणि वैर एकाच वेळी नांदू शकते, आणि माणूस वैराचा तेवढा भाग नजरेआड करतो. शिवाय आपल्या आत बसलेला कठोर न्यायाधीश इच्छा आणि कृती यांत फरक करत नाही: कोणाचा मृत्यू मनात आला, तरी त्याच्या दरबारात तो खूनच ठरतो.

ही किल्ली रूबेनच्या कथेला लावून पाहा. रॉजर हा त्याला बापाच्या जागी आहे, रॉजर स्वतःच तसे बोलून दाखवतो, आणि त्याच्या मृत्यूने रूबेनला प्राण व बायको दोन्ही मिळणार आहेत. रूबेनने त्याला मारलेले नाही. पण त्याचे मरण, निदान क्षणभर, त्याला सोयीचे वाटले, आणि ती सोय स्वतःशी कबूल करण्याचे धैर्य त्याच्यात नाही. म्हणून साधे सत्य, की मी नाइलाजाने त्यांना सोडून आलो, तो डॉर्कसला सांगू शकत नाही. सांगितले असते तर कोणीही त्याला दोष दिला नसता. पुढे विशिष्ट विचारांच्या साखळीमुळे रूबेनला कधी कधी आपण खुनी आहोत असेच वाटू लागते, असेही हॉथॉर्न लिहितो. आता कथेतले ते भाग, जे धार्मिक अर्थात योगायोग किंवा दैवी हस्तक्षेप म्हणून बाजूला पडतात, एकेक करून कामाला लागतात. रूबेन भरकटतो, कारण त्याच्या मनाचा एक भाग त्याला त्या खडकाकडे नेत आहे. तारीख ऐकून तो दचकतो, कारण ती त्याने आत जपून ठेवलेली आहे. गोळी सायरसलाच लागते, आणि सायरस कोण, तर स्वतःमध्ये जे काही चांगले होते ते सगळे ज्याच्यात उतरले आहे असे मानून रूबेन ज्याच्यावर प्रेम करतो तो मुलगा. बापाच्या जागी असलेल्या माणसाचे देणे तो स्वतःच्या सर्वांत प्रिय रूपाला मारून चुकते करतो. मन हलके होते आणि प्रार्थना सुचते, कारण त्याचा तो आतला न्यायाधीश तृप्त झाला आहे. कथेचा शेवट असा वाचला म्हणजे हॉथॉर्न त्या प्रायश्चित्ताला मान्यता देत नाही, तर अपराधभाव माणसाला कुठवर नेऊ शकतो ते थंड नजरेने दाखवतो.

या वाचनाला सर्वांत मोठा आधार खुद्द हॉथॉर्नच्या एका वाक्यात आहे, आणि ते फ्रॉइडच्या जन्माच्या पंचवीसेक वर्षे आधी लिहिलेले आहे. जंगलात रूबेन झोपेत चालणाऱ्यासारखा भटकत असतो, तेव्हा निवेदक म्हणतो की जिथे त्याचे हेतू दडून बसले होते त्या आत्म्यातील गुप्त जागेपर्यंत त्याला पोहोचता येत नसल्यामुळे, कुठल्या तरी अलौकिक आवाजाने आपल्याला पुढे बोलावले आणि अलौकिक शक्तीने परतीची वाट अडवली असे त्याने मानले. दैवी आवाज हा रूबेनचा समज आहे, निवेदकाचा नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कसे लिहायचे?

क्रूझ यांचा निबंध ‘पीएमएलए’ या संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि १९६६ मध्ये ‘द सिन्स ऑफ द फादर्स’ हे पुस्तक आले. फिलाडेल्फियात १९३३ मध्ये जन्मलेले क्रूझ तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत इंग्रजीचे प्राध्यापक होते. मानसशास्त्रीय समीक्षा तोवर नवी राहिलेली नव्हती. मारी बोनापार्त या फ्रॉइडच्या शिष्येने १९३३ मध्येच एडगर ॲलन पो या अमेरिकी कथालेखकावर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यात कथांतील विहिरी, तळघरे आणि मृत स्त्रिया यांवरून थेट लेखकाच्या बालपणीच्या मनाचे निदान केलेले होते. या प्रकारच्या समीक्षेने वाचकांचा विश्वास बराच गमावला होता, आणि तो का गमावला हे समजायला ‘मन’ म्हणजे कोणाचे मन, हे आधी विचारावे लागते. लेखकाच्या मनाचा शोध घ्यायचा तर लेखक समोर नाही, तो उत्तरे देत नाही, आणि कथेतली प्रत्येक वस्तू त्याच्या आजाराचे लक्षण ठरवली जाते. पात्राच्या मनाचा शोध घ्यायचा तर पात्र हे शब्दांचे बनलेले असते, त्याला कथेबाहेर बालपण नसते. वाचकाच्या मनाचा विचार करणारा तिसरा मार्गही होता. क्रूझ यांनी भर दिला तो कथेच्या रचनेवर: एखादी गोष्ट अमुकच वळण का घेते, निवेदक एक सांगतो आणि घटना दुसरेच का दाखवतात, कुठली प्रतिमा पुन्हा पुन्हा का येते. लेखकाच्या मनाविषयी ते बोलले, पण त्या रचनेच्या वाटेने तिथे पोहोचून. माझ्या मते त्यांच्या पुस्तकाचे खरे बळ या क्रमात आहे.

तरी हॉथॉर्नचे चरित्र या विषयाला आपसूक येऊन भिडते, हे नाकारता येत नाही. त्याचा पूर्वज विल्यम हॅथॉर्न याने सेलममध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका स्त्रीला रस्त्यातून फटके मारत नेण्याची आज्ञा दिली होती. विल्यमचा मुलगा जॉन हा १६९२ च्या चेटूक-खटल्यांतील दंडाधिकाऱ्यांपैकी होता. त्या खटल्यांत १९ माणसे फासावर गेली. ‘द स्कार्लेट लेटर’च्या ‘कस्टम-हाउस’ या प्रास्ताविकात हॉथॉर्न लिहितो की या पूर्वजांच्या कृत्यांची लाज मी स्वतःवर घेतो आणि त्यांच्यामुळे लागलेला कुठला शाप असेल तर तो दूर होवो. त्याच पानांवर तो कल्पना करतो की ते करड्या दाढीचे पूर्वज आपल्याकडे पाहून कुजबुजत आहेत: हा गोष्टींची पुस्तके लिहितो, याच्यापेक्षा सारंगी वाजवणारा झाला असता तरी काय बिघडले असते! बाप मात्र त्याने फारसा पाहिलाच नाही. जहाजाचा कप्तान असलेले वडील १८०८ मध्ये सुरिनाममध्ये तापाने वारले तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता, आणि पुढे तो मामांच्या घरी वाढला. पित्याचा वचक आणि पित्याची अनुपस्थिती असे दोन्ही ज्याच्या वाट्याला आले, त्याने पित्यासमान माणसाला जंगलात सोडून येण्याची कथा लिहावी, यात अर्थ शोधण्याचा मोह स्वाभाविक आहे.

‘द स्कार्लेट लेटर’वरचे क्रूझ यांचे प्रकरणही असेच डोळे उघडणारे आहे. हेस्टर प्रिन या स्त्रीला व्यभिचाराबद्दल छातीवर लाल अक्षर वागवण्याची शिक्षा झाली आहे. तिच्या मुलीचा बाप म्हणजे गावाचा पूज्य धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेल, आणि तो सात वर्षे गप्प आहे. जंगलातल्या भेटीत हेस्टर त्याला पळून जायला राजी करते. त्यानंतर गावाकडे परतताना डिम्सडेलला विलक्षण ऊर्मी येऊ लागतात. वृद्ध धर्मसेवकाजवळ प्रभुभोजन या ख्रिस्ती विधीविषयी अभद्र काहीतरी बोलावे, देवभोळ्या विधवेच्या कानात आत्मा अमर नाही असा युक्तिवाद पुटपुटावा, लहान मुलांना घाणेरडे शब्द शिकवावेत, असे त्याला वाटत राहते. घरी येऊन तो हावऱ्यासारखा जेवतो, लिहून ठेवलेले प्रवचन जाळतो आणि रात्रभर नवे लिहितो. हेच प्रवचन त्याच्या आयुष्यातले सर्वांत प्रभावी ठरते आणि लोक ते ऐकून त्याला संत मानतात. धार्मिक वाचनाला हे प्रवचन ईश्वरी कृपेचे चिन्ह वाटते. क्रूझ विचारतात की त्या रात्री इतके बळ कुठून आले? त्यांचे उत्तर असे की जंगलात सात वर्षांनी मोकळी झालेली वासनाच, वाटेत विकृत ऊर्मींच्या रूपाने बाहेर पडू पाहत होती आणि अखेरीस तिला धर्माच्या भाषेचा सभ्य मार्ग मिळाला. हॉथॉर्न स्वतः सांगतो की इतक्या अशुद्ध नळीतून स्वर्गाने आपले गंभीर संगीत का वाहू द्यावे याचे लिहिताना डिम्सडेललाच नवल वाटत होते. वाटेवरच्या ऊर्मी आणि प्रवचनाचे लेखन हे दोन प्रसंग एकमेकांना लागून का आले आहेत, याचे एवढे समाधानकारक स्पष्टीकरण मी दुसरीकडे वाचलेले नाही.

मात्र पुस्तकात सगळीकडे हे प्रमाण टिकत नाही. ‘यंग गुडमन ब्राउन’ या १८३५ च्या कथेत लग्नाला तीन महिने झालेला तरुण बायकोला घरी सोडून रात्री जंगलात सैतानी मेळाव्याला जातो आणि तिथे गावचे सगळे सज्जन पाहून आयुष्यभरासाठी निराश होतो. वाटेत भेटणारा सैतान त्याच्या बापासारखा दिसतो. क्रूझ यांचा भर यावर की ब्राउन नव्या संसारातील शरीरसुखाला घाबरून पळतो आहे आणि आईवडिलांच्या खासगी जीवनाविषयीची मुलाची दबलेली कल्पनाच मेळाव्याच्या रूपाने समोर येते आहे. यात काही तथ्य असेलही. पण सैतान त्याला प्रत्यक्षात काय सांगतो? तुझ्या आजोबाने क्वेकर बाईला सेलमच्या रस्त्यातून फटके मारले तेव्हा मी मदतीला होतो, आणि तुझ्या बापाने मूळ रहिवाशांचे गाव पेटवले तेव्हा पलिता मीच दिला. फटके मारणारा तो आजोबा उघडउघड हॉथॉर्नचाच पूर्वज आहे आणि गाव जळते आहे ते १६७५ मध्ये सुरू झालेल्या खऱ्या युद्धात. हॉथॉर्नला असलेली भूतकाळाची जाणीव म्हणजे कुटुंबातील संघर्षाचेच मोठे केलेले रूप, असे क्रूझ यांचे प्रतिपादन होते. फटके खाणाऱ्या बाईपुरता विचार केला तरी हे प्रतिपादन मला पटत नाही. पूर्वजांचे पाप हे इथे बापाविषयीच्या दबलेल्या भावनेचे रूपक नाही. ते घडलेले आहे, त्याला ठिकाण आणि साल आहे.

रूबेनच्या कथेलाही हीच बाजू आहे आणि ती पुढे मायकेल कोलाकुर्चो या अभ्यासकांनी १९८४ मधील हॉथॉर्नवरच्या आपल्या प्रचंड ग्रंथात पुढे आणली. लव्हेलची तुकडी सीमेच्या रक्षणासाठी गेली अशी आख्यायिका होती, पण तिला मूळ रहिवाशांच्या प्रत्येक मुंडत्वचेमागे, म्हणजे डोक्यावरून केसांसकट सोललेल्या कातडीमागे, १०० पौंडांचे बक्षीस जाहीर झालेले होते. त्या लढाईचा शताब्दी उत्सव १८२५ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी हॉथॉर्न बोडन कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला. वीरकथा म्हणून साजऱ्या होणाऱ्या त्या घटनेवर काही वर्षांतच त्याने अशी कथा लिहिली की जिच्यात लढाईतून परतलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे मेलेल्याविषयी खोटे सांगतो आणि त्या खोट्यावर घर उभारतो. एका कुटुंबाचे मौन आणि एका वसाहतीचे मौन यांचा संबंध क्रूझ यांच्या वाचनात दिसत नाही, कारण त्यांचा दिवा खोलीच्या आतच लावलेला आहे.

स्वतः क्रूझ यांच्या मनातली शंका वेगळी होती आणि ती जास्त मूलगामी होती. १९७० मध्ये मनोविश्लेषण आणि साहित्य या विषयावरचा निबंधसंग्रह संपादित करेपर्यंत ते या पद्धतीचे अग्रणी मानले जात होते. परंतु तिचे समर्थन करताकरताच त्यांना तिच्या पुराव्यांचा प्रश्न छळू लागला. १९७५ च्या ‘आउट ऑफ माय सिस्टिम’ या संग्रहात ती ओढाताण दिसते आणि १९८० मध्ये ‘कॉमेंटरी’ मासिकातील लेखात त्यांनी फ्रॉइडशी जाहीर काडीमोड घेतला. त्यांचा युक्तिवाद साध्या शब्दांत असा आहे. रुग्णाने वडिलांवर प्रेम आहे म्हटले तर विश्लेषक म्हणतो, वैर दडवले आहे. रुग्णाने वैर मान्य केले तर सिद्धांत खरा ठरला. रुग्ण चिडून नाही म्हणाला, तर तो नकारच दमनाचा पुरावा. कोणत्याही उत्तराने जो सिद्धांत खोटा ठरू शकत नाही, तो काही सांगतच नाही. तत्त्वज्ञ अडॉल्फ ग्रुनबाउम यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की उपचाराच्या खोलीत मिळणारी माहिती विश्लेषकाच्या सूचनेने आधीच दूषित झालेली असते, आणि क्रूझ यांनी या टीकेचा जोरदार पुरस्कार केला.

हा वाद वर्गातल्या चर्चेपुरता राहिला नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत अमेरिकेत काही उपचारकांनी प्रौढ रुग्णांच्या ‘दडपलेल्या’ आठवणी जागवण्याचा सपाटा लावला, आणि लहानपणी आपल्यावर अत्याचार झाल्याच्या अशा नव्याने सुचलेल्या आठवणींवरून आईबापांवर आरोप झाले, काही प्रकरणे न्यायालयांत गेली. खरे अत्याचार होत होते आणि होतात, हे कोणी नाकारलेले नाही. परंतु सूचनेने घडवलेली आठवणही खरीच वाटते, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी प्रयोगांनी दाखवले, आणि क्रूझ यांनी १९९३ व १९९४ मध्ये ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मधील लेखांतून या सगळ्याचे मूळ दमनाच्या सिद्धांतात आहे असे ठामपणे मांडले. त्या लेखांवर संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. २०१७ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांनी फ्रॉइडचे सहाशेहून अधिक पानांचे चिकित्सक चरित्र प्रसिद्ध केले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग हॉथॉर्नवरच्या त्या पुस्तकाचे काय? ते १९८९ मध्ये पुन्हा छापले गेले आणि त्याला क्रूझ यांनी नवा उत्तरलेख जोडून आपल्याच पद्धतीची तपासणी केली. सिद्धांत कोसळला म्हणजे त्याच्या आधाराने केलेले सगळे वाचन कोसळले, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण मुळांआडून पाहणाऱ्या रूबेनमध्ये आहे. खोटे बोलण्याआधीच त्याला अपराधी वाटते ही गोष्ट फ्रॉइडने सांगितलेली नाही, ती कथेत लिहिलेली आहे. फ्रॉइड वाचल्यामुळे क्रूझ यांचे लक्ष तिकडे गेले असेल, पण ती नजरेस आणून दिल्यावर सिद्धांत काढून घेतला तरी ती जागची हलत नाही. उलट ब्राउनच्या आईवडिलांविषयीची कल्पना सिद्धांताशिवाय एक क्षणही उभी राहत नाही, कारण मजकुरात तिला धरून ठेवणारे वाक्य नाही. म्हणून मी मानसशास्त्रीय समीक्षा वाचताना दोन गोष्टी पाहते. इतर अर्थांनी रिकामे सोडलेले किती तपशील हा अर्थ कामाला लावतो, आणि कथेत काय वेगळे असते तर समीक्षकाने आपला अर्थ मागे घेतला असता. रूबेनच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येते: निवेदकाने दैवी आवाज स्वतःच्या तोंडाने खरा ठरवला असता, किंवा अपराधभाव खोट्यानंतरच सुरू झाला असता, तर क्रूझ यांचा अर्थ डळमळला असता.

या कसोटीवर सर्वांत अवघड प्रकरण हॉथॉर्नच्या अखेरच्या वर्षांचे आहे. १८६० मध्ये ‘द मार्बल फॉन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर तो एकही दीर्घ कथा पुरी करू शकला नाही. इंग्लंडमधील वडिलोपार्जित वाड्यावर हक्क सांगायला जाणारा अमेरिकी वारस, उंबऱ्यावर उमटलेले रक्ताळ पाऊल, अमरत्वाचे रसायन, अशा विषयांवरची चार हस्तलिखिते अर्धवट राहिली. त्यांत तो मध्येच थांबून स्वतःलाच प्रश्न विचारतो, पात्राचे रहस्य काय ठेवावे हे ठरत नाही म्हणून एकामागून एक पर्याय मांडतो आणि टाकून देतो. क्रूझ यांना इथे जुन्या कौटुंबिक संघर्षाने कल्पनाशक्तीला दिलेली शेवटची टक्कर दिसली: ज्या विषयांना आजवर आडपडदा ठेवून हाताळले ते आता पडद्याला दाद देत नव्हते. बापाच्या घराचा दावा आणि रक्ताचे पाऊल पाहता हे पटण्यासारखे आहे. पण त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि अशा दिवसांत अद्भुतरम्य कथा लिहिणे व्यर्थ आहे ही भावना त्याला घेरत होती, त्याची प्रकृती झपाट्याने खालावत होती, आणि १९ मे १८६४ रोजी, माजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पीअर्स या कॉलेजमित्राबरोबर प्रवास करत असताना, न्यू हॅम्पशरमधील प्लिमथ येथे तो झोपेतच वारला. आजारी, थकलेल्या माणसाची पाने अर्धवट राहण्यासाठी दबलेल्या इच्छेची गरज नसते. त्याने त्याच रक्ताळ पावलाकडे पुन्हा पुन्हा का वळावे, एवढ्या प्रश्नापुरते मात्र क्रूझ यांचे बोट अजून योग्य ठिकाणी आहे, आणि ती हस्तलिखिते शेजारी ठेवून वाचणाऱ्याला त्यांचे शेवटचे प्रकरण आजही उपयोगी पडते.